खुन्याने स्वतःच लिहिलेले निकालपत्र

अणुबाँब पडला म्हणून महायुद्ध संपले, महायुद्ध संपले म्हणून लक्षावधी प्राण वाचले, आणि लक्षावधी प्राण वाचले म्हणून अणुबाँब टाकणे न्याय्य ठरले, अशी ही तीन कड्यांची साखळी गेली ऐंशी वर्षे जगाच्या गळ्यात अडकविण्यात आली आहे. अमेरिकेच्या युद्धमंत्र्याने ती घडविली, अमेरिकेच्या अध्यक्षाने तिला मुलामा दिला, आणि देशोदेशींच्या भाटांनी ती दागिना म्हणून मिरविली. वाचकहो, तुम्ही-आम्हीही शाळेच्या बाकावर हेच घोकले. एका ओळीत हिरोशिमा, दुसऱ्या ओळीत नागासाकी, तिसऱ्या ओळीत जपानची शरणागती, की झाला धडा पुरा! त्या तीन ओळींच्या फटींत दोन लाखांवर प्रेते दडविली आहेत हे ना पुस्तकाने सांगितले, ना मास्तरांनी. ज्याने खून केला त्यानेच निकालपत्र लिहिले, त्यानेच त्याच्या प्रती वाटल्या आणि जगाकडून त्या पाठ करून घेतल्या. ते निकालपत्र आज आम्ही जाहीरपणे फाडीत आहोत.

प्रथम घडले काय ते पाहा. ६ ऑगस्ट १९४५, सोमवार, सकाळचे सव्वाआठ. ‘एनोला गे’ या विमानाने नेम धरला तो आयोई पुलावर, म्हणजे हिरोशिमाच्या ऐन मध्यवस्तीवर. आणि बाँब फुटला तो शिमा नावाच्या एका शल्यवैद्याच्या रुग्णालयाच्या माथ्यावर, सुमारे सहाशे मीटर उंचीवर. त्या शहरात सेनेचे मुख्यालय होते हे आम्ही नाकारीत नाही. परंतु ज्या उजिना बंदरातून जपानी पलटणी जहाजांवर चढत ते बंदर शहराच्या दक्षिण टोकाला होते, आणि नेम तिकडे नव्हता. नेम माणसांवर होता. आगीचे लोळ पसरू नयेत म्हणून घरे पाडून मोकळे पट्टे करण्याच्या कामावर सरकारने बारा-तेरा वर्षांची शाळकरी पोरे त्या सकाळी हजारोंनी जुंपली होती. ती उघड्या आकाशाखाली कौले आणि वासे वाहत होती, आणि त्यांतील हजारो पोरे पुन्हा घरी आली नाहीत. शहरातील नव्वद टक्क्यांहून अधिक डॉक्टर आणि परिचारिका मेल्या किंवा जायबंदी झाल्या, त्यामुळे जे जगले त्यांना पाणी पाजायलाही कोणी उरले नाही. वेठीला धरून आणलेले कोरियन मजूर मेले. अमेरिकेचे स्वतःचे डझनभर युद्धकैदी मेले. साडेतीन लाखांच्या वस्तीतील सुमारे १,४०,००० माणसे त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत संपली, आणि अध्यक्ष ट्रुमन यांनी आकाशवाणीवरून जगाला सांगितले की हिरोशिमा हा लष्करी तळ असून, नागरिकांची हत्या होता होईल तो टळावी म्हणूनच पहिल्या बाँबसाठी तो निवडला! याला तळ म्हणायचे असेल तर छावणी असलेले पुणे, बेळगाव आणि अहमदनगर ही गावेही उद्या कोणी बायकापोरांसह जाळावीत आणि वर दयाळूपणाचा आव आणावा. असले असत्य बोलण्यास केवळ सत्ता पुरत नाही, निगरगट्टपणाही लागतो.

आणि नागासाकी? हिरोशिमाची राख निवली नव्हती, तोकिओच्या मंत्र्यांना तेथे नेमके काय घडले याचा पुरता उलगडा झाला नव्हता, तोच तिसऱ्या दिवशी दुसरा बाँब निघाला. तो ११ ऑगस्टला टाकायचा बेत होता. हवा बिघडणार असा अंदाज आला म्हणून दोन दिवस अलीकडे ओढला. शत्रूच्या उत्तराची वाट पाहण्याकरिता जे थांबले नाहीत, ते ढग चुकविण्याकरिता घाई करीत होते! विमान आधी कोकुरा शहरावर गेले. तेथे ढगांनी आणि धुराने शहर झाकले होते, म्हणून ते नागासाकीकडे वळले. एका शहराला ढगाने तारले आणि दुसऱ्याला ढग फाटल्याने मारले. ११ वाजून २ मिनिटांनी उराकामीच्या खोऱ्यावर बाँब फुटला. अडीच शतकांचा छळ सोसून आपला धर्म गुपचूप जपलेल्या जपानी ख्रिस्त्यांची ती वस्ती. त्यांनी आपल्या हातांनी उभारलेले मोठे चर्च त्या क्षणी त्यांच्यावरच कोसळले. वर्षअखेरपर्यंत आणखी सत्तर हजारांच्या आसपास माणसे गेली. हिरोशिमाच्या समर्थनार्थ जीभ उचलणारे पुष्कळ भेटतात. नागासाकीचे नाव काढताच त्यांचीही जीभ अडखळते. अडखळणारच, कारण तेथे सांगण्यासारखी सबबच नाही.

येथे आम्ही एक गोष्ट निक्षून सांगतो. जपानी लष्करशाहीचा आम्हाला तिळमात्र पुळका नाही. नानकिंगमध्ये तिने जे केले, ब्रह्मदेश-सयाम रेल्वेच्या रुळांखाली मलायातील हजारो तमिळ मजुरांची हाडे तिने जशी पुरली, ते आम्ही विसरलेलो नाही. अंदमानवर १९४२ पासून तिचा अंमल होता. त्या काळात सेल्युलर जेलमध्ये भारतीयांचे जे हाल झाले आणि ३० जानेवारी १९४४ रोजी होम्फ्रेगंजला ४४ भारतीयांना ज्या रीतीने गोळ्या घालण्यात आल्या, त्यास क्षमा नाही. पण त्या गोळ्या झाडणाऱ्यांचा हिशेब हिरोशिमात कौले वाहणाऱ्या सातवीतल्या मुलीकडून वसूल करायचा, हा कोणत्या धर्मशास्त्रातला, कोणत्या दंडसंहितेतला न्याय? खुनी सापडत नाही तर त्याच्या गावातली पोरे जाळा, असे म्हणणाऱ्यास आमच्या खेड्यातला निरक्षर म्हातारासुद्धा जोड्याजवळ उभा करणार नाही.

आता त्या प्रसिद्ध दहा लाखांकडे वळू. बाँब टाकला नसता तर जपानच्या किनाऱ्यावर उतरावे लागले असते आणि दहा लाख अमेरिकन सैनिक कामी आले असते, हा आकडा आज ज्याच्या-त्याच्या तोंडी आहे. हा आकडा आला केव्हा? बाँब पडण्यापूर्वी, १८ जून १९४५ रोजी अध्यक्षांच्या निवासात स्वारीच्या योजनेचा खल झाला. त्या बैठकीसाठी लष्करी नियोजकांनी जे टिपण केले होते त्यात संपूर्ण मोहिमेतील मृत्यूंचा अंदाज चाळीस हजारांच्या घरात होता. दहा लाख हताहतांची गोष्ट युद्धमंत्री हेन्री स्टिम्सन यांच्या नावे प्रसिद्ध झालेल्या लेखात अवतरली ती फेब्रुवारी १९४७ मध्ये, म्हणजे लोकांना हिरोशिमाची खरी हकीकत कळू लागून अमेरिकेतच कुरकुर सुरू झाल्यावर. पुढे १९५५ मध्ये ट्रुमन यांनी आपल्या आठवणींत पाच लाख प्राणांचा हिशेब मांडला. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच. निर्णय आधी झाला, प्रेते नंतर पडली, आणि त्या प्रेतांना झाकायला पुरेल एवढा आकडा सर्वांत शेवटी शिवण्यात आला. स्वारीची पहिली तारीखही १ नोव्हेंबर होती. म्हणजे ६ ऑगस्टला अमेरिकेचा एकही शिपाई जपानच्या मुख्य बेटांच्या किनाऱ्यावर मरणाच्या दारात उभा नव्हता; हाताशी पुरते बारा आठवडे होते.

आमच्याच काही सुज्ञ वाचकांचा येथे एक आक्षेप येईल, आणि तो आम्ही आदराने ऐकतो, कारण तो घरातून येतो. साताऱ्याच्या, कोल्हापूरच्या, रत्नागिरीच्या घराघरांतून पोरे त्या युद्धात गेली होती; १९४४ च्या मार्चमध्ये मणिपुरातल्या सांगशाकला मराठा लाइट इन्फन्ट्रीची पलटण जपान्यांशी जिवाच्या आकांताने झुंजली होती; युद्ध लवकर संपले म्हणून आमचा आजा घरी आला, असे म्हणणारी नातवंडे आजही आहेत. आजा घरी आला याचा आनंद आम्हासही आहे. परंतु युद्ध ‘संपल्यावर’ त्या मराठा पलटणींना साम्राज्याने कोठे धाडले, हेही त्यांनी विचारून पाहावे. ऑक्टोबर १९४५ मध्ये, जपानने शस्त्रे ठेवल्यावर दोन महिन्यांनी, ४९व्या भारतीय ब्रिगेडमधील मराठा शिपाई जावा बेटावरील सुराबायाच्या रस्त्यांवर मरत होते; कोणाविरुद्ध, तर डचांचे जोखड झुगारून नुकत्याच स्वतंत्र झालेल्या इंडोनेशियन लोकांविरुद्ध! शिपायांच्या जिवाची ज्यांना एवढी कळवळ होती की तिच्यापायी दोन शहरे जाळली, त्यांनीच आमचे शिपाई परक्याचे साम्राज्य परक्याला परत मिळवून देण्यासाठी विस्तवात लोटले. आणि ब्रिटनने ४ जुलै १९४५ रोजी बाँबच्या वापरास रीतसर संमती दिली होती. ती देताना या शिपायांच्या देशाला कोणी कवडीने विचारले नव्हते. तेव्हा आमच्या आज्याच्या जिवाचा दाखला कोणी या खुनाला जोडू नये. तो जीव त्यांच्या हिशेबात कधीच नव्हता.

यापुढचे प्रकरण अधिक काळे आहे. बाँब हा शेवटचा उपाय होता, इतर सर्व दारे बंद झाली होती, असे सांगण्यात येते. दारे बंद होती हे खरे. ती कोणी बंद केली ते पाहा. जपानचे परराष्ट्रमंत्री तोगो आपल्या मॉस्कोतील राजदूताला, सातो यांना, जुलैच्या मध्यापासून तारांवर तारा करीत होते की सम्राटाला युद्ध संपविण्याची इच्छा आहे आणि बिनशर्त शरणागतीचा हट्ट हीच मोठी अडचण आहे. त्या तारा अमेरिकेने फोडल्या होत्या. अध्यक्षांनी स्वतःच्या रोजनिशीत १८ जुलैला त्या तारेचा उल्लेख जपानच्या सम्राटाची शांततेची याचना असा केला आहे. जपानी मंत्रिमंडळात एकवाक्यता नव्हती, सेनापती अडून बसले होते, हे आम्ही मान्य करतो. पण सम्राटाचे आसन राहील एवढे एक आश्वासन दिले तर शरणागतीचा मार्ग मोकळा होईल, असे खुद्द स्टिम्सन यांचे मत होते, आणि तसे कलम जपानला शरण येण्यास बजावणाऱ्या जाहीरनाम्याच्या मसुद्यात होतेही. २६ जुलैला पॉट्सडॅमचा जाहीरनामा निघाला तेव्हा ते कलम गळालेले होते. त्याहून भयंकर गोष्ट ही की बाँब टाकण्याचा लेखी हुकूम २५ जुलैला, म्हणजे जाहीरनाम्याच्या आदल्या दिवशीच सुटला होता. निर्वाणीचा इशारा शत्रूच्या हाती पडण्यापूर्वीच त्याला फासावर चढविण्याचा कागद निघाला!

आणि पुढे? १० ऑगस्टला जपानने सम्राटाची अट घालून शरणागती देऊ केली. ११ ऑगस्टला परराष्ट्रमंत्री बर्न्स यांनी उत्तर दिले की सम्राटाची सत्ता दोस्तांच्या सरसेनापतीच्या अधीन राहील. म्हणजे सम्राट राहील. तो राहिला. हिरोहितो १९८९ पर्यंत, मरेपर्यंत त्या आसनावर राहिला. जी गोष्ट देण्यास नकार देऊन दोन शहरे जाळली, तीच गोष्ट शहरे जाळून झाल्यावर देऊन टाकली. जे ११ ऑगस्टला देता आले ते २६ जुलैला का देता आले नाही, या एका प्रश्नाला ऐंशी वर्षांत कोणाही समर्थकाने सरळ उत्तर दिलेले नाही. सरळ उत्तर दिले तर गुन्हा कबूल होतो.

बाँबनेच जपान नमला म्हणावे तर तोही दावा कागदावर टिकत नाही. ९ ऑगस्टच्या पहाटे सोविएत फौजा मांचुरियात घुसल्या. त्या दिवशी सकाळी तोकिओत सर्वोच्च युद्धमंडळ बसले. बैठक चालू असतानाच नागासाकीची बातमी येऊन थडकली. आणि तरीही मंडळ तीन विरुद्ध तीन असे फाटलेलेच राहिले. दुसऱ्या बाँबने एकही मत फिरले नाही. रशियाच्या मध्यस्थीवर ज्यांनी सारी भिस्त ठेवली होती त्यांच्या पायांखालची जमीन मात्र त्या पहाटे सरकली होती. १५ ऑगस्टच्या आपल्या भाषणात सम्राटाने क्रूर अशा नव्या बाँबचे नाव घेतले, हे समर्थक मोठ्या उत्साहाने सांगतात. १७ ऑगस्टला आपल्या सैनिकांना शस्त्रे ठेवण्यास सांगताना त्याच सम्राटाने बाँबचा शब्दही न काढता रशियाच्या युद्धप्रवेशाचे कारण दिले, हे ते सांगत नाहीत. अमेरिकेने स्वतः नेमलेल्या बाँबहल्ला-पाहणी मंडळाने १९४६ मध्ये निष्कर्ष काढला की अणुबाँब पडले नसते, रशिया युद्धात उतरला नसता आणि स्वारीची तयारीही नसती, तरी जपान ३१ डिसेंबर १९४५ पूर्वी निश्चित आणि बहुधा १ नोव्हेंबरपूर्वीच शरण आला असता. अध्यक्षांचे स्वतःचे लष्करी सल्लागार अॅडमिरल लेही यांनी १९५० मध्ये लिहिले की या रानटी अस्त्राचा जपानविरुद्धच्या युद्धात काही उपयोग झाला नाही. युरोपातील विजयाचे सेनापती आणि पुढे अध्यक्ष झालेले आयझेनहॉवर म्हणाले की त्याची गरज नव्हती. हे कोणी गांधीवादी संत नव्हते, कोणी हळव्या मनाचे कवी नव्हते. जन्मभर तोफांच्या आवाजात वावरलेली ही माणसे होती. आरोपीच्या घरचे साक्षीदार उलटले की न्यायालय काय समजते, ते वाचकांस सांगणे नलगे.

मग बाँब टाकला कशासाठी? येथे आम्हाला तर्क करण्याची गरजच नाही. गुन्हेगारांनी आपली दप्तरे नीट जपून ठेवली आहेत. मे १९४५ मध्ये लॉस अॅलामॉसला लक्ष्य-समिती बसली. हिरोशिमाच्या आसपासच्या टेकड्यांमुळे स्फोटाचा आघात एकवटून नासधूस वाढेल, हा त्या शहराचा गुण म्हणून त्या समितीने नोंदविला. हिरोशिमा साध्या बाँबहल्ल्यांपासून मुद्दाम वाचवून ठेवण्यात आले, नव्या अस्त्राचा परिणाम कोऱ्या पाटीवर मोजता यावा म्हणून. मार्चमध्ये एका रात्रीत तोकिओतील सुमारे एक लाख माणसे जाळणाऱ्या विमानदळाने सारा जपान आधीच बेचिराख केला तर नव्या अस्त्राला आपली ताकद दाखवायला चांगली पार्श्वभूमी उरणार नाही, अशी काळजी स्टिम्सन यांनी ६ जूनला अध्यक्षांजवळ बोलून दाखविली. अध्यक्ष हसले आणि समजलो म्हणाले. हे स्टिम्सन यांच्याच रोजनिशीत आहे. ३१ मे रोजी बसलेल्या दुसऱ्या एका समितीत ठरले की सर्वांत योग्य लक्ष्य म्हणजे पुष्कळ कामगार असलेला आणि कामगारांच्या घरांनी चहूबाजूंनी वेढलेला युद्धकारखाना. घरांनी वेढलेला! ती घरे ही अडचण नव्हती. ती निवडीची कसोटी होती.

त्यांना कोणी अडविले नाही असेही नाही. जेम्स फ्रँक यांच्या पुढाकाराने शिकागोच्या शास्त्रज्ञांनी ११ जूनला लेखी विनवणी केली की आधी एखाद्या ओसाड बेटावर किंवा वाळवंटात जगासमक्ष हे अस्त्र फोडून दाखवा. नौदलाचे उपमंत्री राल्फ बार्ड यांनी आधी इशारा द्या म्हणून २७ जूनला टिपण लिहिले. १७ जुलैला लिओ झिलार्ड यांनी सत्तर शास्त्रज्ञांच्या सह्यांचा अर्ज केला. जे हात बाँब घडवीत होते तेच हात जोडून उभे होते. परंतु पॉट्सडॅमला स्टालिनपुढे बसायचे होते. चाचणी १६ जुलैला यशस्वी झाली आणि परिषद १७ जुलैला सुरू झाली. रशिया ऑगस्टच्या मध्यास युद्धात उतरणार हे ठाऊक होते, आणि तो उतरून पूर्वेकडच्या लुटीत वाटा मागण्यापूर्वी कारभार उरकायचा होता. दोन अब्ज डॉलर खर्चून एक युरेनियमचा आणि एक प्लुटोनियमचा असे दोन जातींचे बाँब तयार होते. दोन्ही जाती वापरून झाल्या. ज्यांनी दया मागितली त्यांना अध्यक्षांनी काय उत्तर दिले? ११ ऑगस्टला अमेरिकन चर्चसंघाच्या एका धर्मोपदेशकाला त्यांनी पत्र लिहिले की पशूशी वागायचे तर पशूसारखेच वागवावे लागते. नागासाकी जळून दोन दिवस झाले होते. आम्ही त्या पत्रावर भाष्य करून लेखणी विटाळीत नाही.

या राष्ट्राचा ढोंगीपणा मात्र उघडा केल्यावाचून आम्ही राहणार नाही. १ सप्टेंबर १९३९ रोजी, हिटलर पोलंडवर तुटून पडला त्याच दिवशी, अध्यक्ष रूझवेल्ट यांनी सर्व युद्धमान राष्ट्रांना आवाहन केले होते की उघड्या शहरांतील नागरिकांवर आकाशातून बाँब टाकण्याचा रानटीपणा कोणी करू नये. सहा वर्षांत तोच रानटीपणा नीती ठरला. ८ ऑगस्ट १९४५ ही तारीख वाचकांनी कोरून ठेवावी. हिरोशिमा आणि नागासाकी यांच्या मधल्या दोन दिवसांपैकी त्या एका दिवशी, लंडनमध्ये, अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि रशिया यांनी नाझींना फासावर देण्यासाठी न्यायाधिकरणाची सनद मंजूर केली. आणि नगरांचा व गावांचा अकारण विध्वंस हा युद्धगुन्हा आहे, असे त्या सनदेत लिहिले. एका हाताने सनदेवर सही, दुसऱ्या हाताने नागासाकीची तयारी! आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचा तो कार्टा, ही म्हण आमच्या आयाबायांनी घरगुती पक्षपातासाठी केली. चार महासत्तांनी तिचा आंतरराष्ट्रीय कायदा केला. तोकिओच्या खटल्यात अकरा न्यायाधीशांपैकी एकाने, भारताच्या न्यायमूर्ती राधाविनोद पाल यांनी, हे तोंडावर सांगितले की पॅसिफिकच्या युद्धात नाझी नेत्यांच्या हुकमांच्या जवळ जाणारे काही असेल तर तो अणुबाँब वापरण्याचा निर्णय होय. पाल यांनी जपानी नेत्यांना सरसकट निर्दोष सोडले, ते आम्हाला मान्य नाही. पण या एका वाक्याइतके खरे वाक्य त्या न्यायालयात दुसरे बोलले गेले नाही.

खून झाल्यावर रक्त पुसणे आले. सप्टेंबरच्या आरंभी विल्फ्रेड बर्चेट नावाचा ऑस्ट्रेलियन बातमीदार परवानगीवाचून हिरोशिमात पोचला. अंगावर जखम नसलेली माणसे केस गळून, रक्त ओकून मरत आहेत, असे त्याने ५ सप्टेंबरला लंडनच्या वृत्तपत्रातून जगाला कळविले. अमेरिकन सेनापतींनी ते खोटे ठरविले. त्याच महिन्यात जपानी वृत्तपत्रांवर नियमांचा फास बसला आणि मृतांच्या नातलगांना स्वतःचे दुःख छापण्याची चोरी झाली. बाँबप्रकल्पाचे प्रमुख जनरल ग्रोव्ह्ज यांनी अमेरिकन सिनेटपुढे सांगितले की डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे किरणोत्साराने येणारे मरण फार सुखाचे असते. पुढे अमेरिकेने हिरोशिमात तपासणी-मंडळ थाटले. ते वाचलेल्यांचे रक्त काढी, त्यांचे फोटो घेई, त्यांची मापे घेई, आणि औषध न देता परत पाठवी. उपचार करणे हा त्या मंडळाचा उद्देशच नव्हता. १९७६ मध्ये हिरोशिमावर बाँब टाकणाऱ्या वैमानिकाने टेक्सासच्या एका विमान-जत्रेत तो प्रसंग पुन्हा वठविला आणि खाली नकली धुराचा ढग उठताच प्रेक्षकांनी दाद दिली. १९९५ मध्ये वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संग्रहालयाने ‘एनोला गे’बरोबर मृतांच्याही वस्तू मांडण्याचे योजले, तेव्हा काँग्रेसने आणि माजी सैनिकांच्या संघटनांनी एवढा गहजब केला की ते प्रदर्शन गुंडाळावे लागले आणि संचालकाने राजीनामा दिला. विमान ठेवले. मुलांचे जळलेले डबे नको झाले. २०१६ मध्ये अध्यक्ष ओबामा हिरोशिमात गेले आणि आकाशातून मृत्यू पडला असे म्हणाले, जणू तो कोणी टाकलाच नव्हता. क्षमेचा शब्द त्यांच्याही तोंडून फुटला नाही.

आता आम्ही समर्थकांचा शेवटचा बालेकिल्लाही त्यांना क्षणभर देऊन टाकतो. समजा, बाँबनेच युद्ध संपले; समजा, दहा लाखांचा तो शिवलेला आकडाही खरा. तरी काय सिद्ध झाले? एवढेच, की निःशस्त्र माणसांचा ढीग पुरेसा उंच रचला तर त्यांच्या राज्यकर्त्यांचा हात थरथरतो. ओलीस धरलेल्यांची मुंडकी एकामागून एक उडवून दरवाजा उघडून घेणारा दरोडेखोरही हेच सिद्ध करतो, आणि दरवाजा उघडला म्हणून त्याला कोणी शांततेचा दूत म्हणत नाही. युद्धात शिपाई शिपायाला मारतो तेव्हा दोघांच्याही हाती शस्त्र असते. म्हणूनच युद्ध आणि कत्तल यांत मनुष्यजातीने रेषा आखली. ती रेषा शत्रू नीच असला म्हणून पुसली जात नाही, आपला पक्ष न्याय्य असला म्हणून पुसली जात नाही, आणि लढाई लवकर आटोपते म्हणून तर मुळीच पुसली जात नाही. ट्रुमन, स्टिम्सन, बर्न्स आणि ग्रोव्ह्ज हे न्युरेंबर्गच्या पिंजऱ्यात उभे राहिले नाहीत, याचे कारण ते निरपराध होते हे नव्हे. ते जिंकले होते.

हा निकाल आज लिहिण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. प्रयोजन आमच्या उंबऱ्याशी आहे. या देशाकडे अण्वस्त्रे आहेत, शेजारी दोन देशांकडे आहेत, आणि दर तणावाच्या वेळी दूरचित्रवाणीच्या पडद्यावर कोणीतरी सूटबूटवाला गर्जतो की एकच टाका आणि कायमचा निकाल लावून टाका. ही विद्या त्याला हिरोशिमाच्या समर्थकांनी शिकविली. ‘एका बाँबने युद्ध संपते’ हे असत्य जोवर सत्य म्हणून शिकविले जाईल, तोवर लाहोर असो की मुंबई, कराची असो की पुणे, प्रत्येक शहर कोणाच्या तरी नकाशावर ‘लष्करी तळ’ म्हणून कोरलेले राहील. भारताने प्रथम वापर न करण्याचे वचन जगाला दिले आहे आणि ते या राष्ट्राला शोभणारे आहे. परंतु १६ ऑगस्ट २०१९ रोजी पोखरणच्या भूमीवरून संरक्षणमंत्र्यांनी सांगितले की पुढे काय होईल ते परिस्थितीवर अवलंबून राहील. परिस्थिती! ट्रुमन यांच्याजवळही परिस्थितीच होती. २०१७ च्या जुलैत १२२ राष्ट्रांनी अण्वस्त्रबंदीच्या करारास मत दिले, तेव्हा भारत त्या सभागृहात नव्हता, आणि आश्चर्य म्हणजे जपानही नव्हता.

आपली संसद हिरोशिमाच्या मृतांसाठी ६ ऑगस्टला मौन पाळीत आली आहे. येत्या ६ ऑगस्टला त्या मौनानंतर पंतप्रधानांनी सभागृहात उभे राहून एवढेच सांगावे की भारत हे अस्त्र प्रथम वापरणार नाही, कोणत्याही परिस्थितीत वापरणार नाही, आणि शहरावर तर कधीही वापरणार नाही. हे सांगितले जाईपर्यंत त्या मौनाला श्रद्धांजली म्हणण्यास आम्ही तयार नाही.